माप एकास एक

११ नोव्हेंबर

दादा,

पाकिटावर मुद्दाम माझं नाव घातलं आहे. बाबांचं अक्षर दिसलं की तू पत्र उघडत नाहीस, असं आई म्हणते. मॉडेल-विमानांच्या दुकानातला फोन बाबांच्या टेबलावर असतो, त्यामुळे लिहिण्यावाचून मार्ग नाही.

आधी कामाचं. बाल्सा संपला. त्या हलक्या लाकडाच्या पातळ दोन फळ्या उरल्या होत्या, त्या परवा कॉलेजची मुलं ग्लायडरच्या स्पर्धेसाठी घेऊन गेली. आता फडताळात नुसती धूळ आहे. तुझ्या गोदामात अजून बाल्सा उतरत असेल, तर एक खोका पाठवता येईल का? मी मागितला हे बाबांना कळू देऊ नकोस.

जाताना दारात उभा राहून तू म्हणालास ना, ‘माझ्या बाल्साशिवाय तुमचं दुकान किती दिवस चालतं ते बघू’, ते बाबांच्या फार आत गेलं आहे. तेव्हा ते काही बोलले नाहीत. आता रोज बोलतात. ‘झाडं बोटीतून उतरत नाहीत, जमिनीतून उगवतात,’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

म्हणून आम्ही हलकं लाकूड शोधायला लागलो आहोत. खरं सांगायचं तर मला मजा येते आहे. मिळेल त्या झाडाची वाळकी फांदी आणायची, सगळ्यांच्या सारख्या मापाच्या कांड्या कापायच्या, तोलायच्या. मग कांडी दोन विटांवर आडवी ठेवून मध्ये पत्र्याचा डबा टांगायचा आणि मोडेपर्यंत त्यात वाळू ओतायची. शेवगा हलका, पण नख दाबलं तरी खड्डा पडतो. पाण्यातलं भेंड सगळ्यांत हलकं, पण ते लाकूड नव्हे, गोठलेला फेस आहे. घायपाताचा वाळलेला दांडा सरळ आणि हलका मिळाला, पण त्याची फळी निघत नाही, आत सगळा भुगा असतो. पांगारा चाकूला गोड लागतो, मात्र गोंद पितो. सावर थोडी जड, पण तिच्या फळ्या पातळ आणि लांब निघतात. बाबा म्हणाले, ‘बाल्साचा सख्खा भाऊ नसेल, चुलत तरी आहे.’

तुझी चिमणी बरी आहे. कांडी मोडली की टाळ्या वाजवते. तू कधी येणार, हे पूर्वी रोज विचारायची. आता विचारत नाही. हे लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला.

तुझा धाकटा

५ डिसेंबर

दादा,

तुझं उत्तर नाही. टपालाचा घोटाळा असेल असं धरून चालतो.

सावरीच्या फासळ्या आणि पांगाऱ्याचं नाक असलेलं ग्लायडर बाबांनी मैदानावर सोडलं. ते शाळेच्या छपरावरून गेलं. गिऱ्हाइकं यायला लागली आहेत. एवढ्यावर थांबलो असतो तर हे पत्र इथेच संपवलं असतं.

रस्ता रुंद करताना टेकडीखालची मोठी सावर पाडली. बाबांनी अख्खा बुंधा उचलला आणि लाकडाच्या वखारीत नेला. वखारवाला त्यांना बघून म्हणाला, ‘काय मास्तर, काड्यापेट्यांचा कारखाना टाकताय का?’

‘विमान करतोय.’

‘या लाकडाचं? मग त्यात बसणार कोण, डास?’

सगळे हसले. बाबाही हसले. पण परत येताना त्यांनी मला दोनदा विचारलं, ‘डास म्हणाला ना तो?’

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान आणि मागची खोली यांमधलं लाकडी पार्टिशन काढलं. मोठं टेबल अंगणात गेलं. खडूने जमिनीवर एक लांब रेघ ओढली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि तिच्या मध्यावर एक चौकोन काढला. आई म्हणाली, ‘हे काय?’

‘मॉडेल.’

‘एवढं मोठं?’

‘माप एकास एक.’

‘आणि हा चौकोन?’

‘बसायची जागा.’

आई म्हणाली, ‘मॉडेलमध्ये माणूस बसत नाही.’ त्यावर बाबा म्हणाले, ‘पुऱ्या मापाच्या मॉडेलला पुऱ्या मापाचं माणूस.’ ते अगदी समाधानाने म्हणाले. आई आत गेली आणि भांडी जरा जोरात लावायला लागली.

मी निदान पंखाच्या कण्याला बांबू घालू असं सुचवलं. तर म्हणाले, ‘बांबू लावला की पतंग झाला. त्याला सांगता येईल का, की आम्ही पतंग उडवला?’ ‘त्याला’ म्हणजे तुला. तुझं नाव ते घेत नाहीत, पण घरात तूच सगळ्यांत जास्त असतोस.

काळजीचं काही नाही. हे थंडीतलं खूळ आहे. उन्हाळा लागला की पत्र्याखाली कुणाच्याने काम होत नाही.

तुझा धाकटा

३० डिसेंबर

दादा,

पंखाचा सांगाडा उभा राहिला आहे. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसतो. सकाळी खिडकीतून ऊन आलं की भिंतीवर फासळ्यांची सावली पडते आणि आपण एखाद्या मोठ्या पक्ष्याच्या पोटात उभे आहोत असं वाटतं.

बाबा आनंदात आहेत. इस्त्रीचा शर्ट घालून कामाला बसतात. शीळ घालतात. वहिनी गेल्यापासून त्यांची शीळ ऐकली नव्हती. आई आता पंखाचं कापड शिवते आहे. मी तिला विचारलं, ‘तूही?’ ती म्हणाली, ‘निदान शिवण तरी नीट असू दे.’

एक गोष्ट मनात राहिली आहे. असलं लाकूड आधी बरेच दिवस पाण्यात बुडवून ठेवायचं, कीड ज्याला येते तो त्यातला गोडवा निघून गेला की सावलीत वाळवायचं, हे बाबांनीच मला शिकवलं होतं. लहानपणी मी गोठ्यामागच्या हौदावर बसून फळ्यांवर दगड ठेवायचो, तुला आठवत असेल. यावेळी मी हौद घासून ठेवला. बाबा म्हणाले, ‘तेवढ्यात वाऱ्याचे दिवस निघून जातील.’ फळ्या वखारीतून आल्या तशाच रंध्याखाली गेल्या.

मी जरा वाळलो आहे. आईने लिहिलंच तर घाबरू नकोस. संध्याकाळचं जेवण सोडलंय, इतकंच. बसायचं मला आहे आणि बाबांच्या हिशेबाला मी जड पडतो. टेकडीच्या उतारावरून, जुन्या टायरच्या ट्यूब ताणून गलोलीसारखं सोडायचं ठरलं आहे. तू म्हणशील, नाही कसं म्हणत नाहीस? अरे, मी शाळा सोडल्यापासून बाबा माझ्याशी एवढं कधी बोललेच नव्हते. आता रोज सकाळी मला छपराच्या आकड्याला टांगलेल्या फळीवर उभं करतात, वरच्या ताणकाट्याचा आकडा वाचतात आणि पाठीवर थाप मारतात. कालची थाप जरा हलकी होती. आकडा उतरला नव्हता.

चिमणी शाळेतून आली की चौकोनात बसते आणि तोंडाने वाऱ्याचा आवाज काढते. बसू देतो. नुसतं बसल्याने काय होतं.

तुझा धाकटा

२१ जानेवारी

दादा,

हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितो आहे.

पंख हलका होतो आहे. बाबा तो छपराच्या आकड्याला टांगून तोलतात, आणि दर वेळी काटा थोडं कमी वजन दाखवतो. ते आईला हाक मारून बोलावतात, ‘बघ, बघ! वाळतंय. सावर होती, आता बाल्सा होत चालली आहे. लाकूड शहाणं झालं की आपोआप वजन टाकतं.’ परवा त्यांनी वखारवाल्यालाही बोलावून काटा दाखवला. तो डोकं खाजवत म्हणाला, ‘मास्तर, हात आहे तुमचा.’ त्या दिवशी बाबांनी सगळ्यांना चहा पाजला, अगदी टपालवाल्यालासुद्धा.

पंखाखाली रोज सकाळी पिठासारखी धूळ पडलेली असते. पांढरी, फार बारीक. फासळ्यांच्या बरोबर खाली छोट्या छोट्या ढिगांनी. मी बाबा उठायच्या आधी ती झाडतो.

का झाडतो, ते मला विचारू नकोस. पहिल्या दिवशी वाटलं रंध्याचा भुसा असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, आज सांगितलं तर त्यांची शीळ बंद पडेल. नंतर झाडायची सवय लागली. काल मी पंखाच्या कण्याला कान लावला. आत कुणीतरी फार हळू दात कोरत असल्यासारखा आवाज येत होता.

आणि आता जे लिहायचं म्हणून हे पत्र लिहितोय ते. रविवारी जेवताना बाबा माझ्या ताटाकडे बघत म्हणाले, ‘तू कितीही वाळलास तरी हाडं राहणारच ना रे. हाडांना रंधा मारता येत नाही.’ मी हसलो. मग त्यांनी चिमणीकडे बघितलं. तिला पाणी हवंय की काय म्हणून बघावं, तसं साधंच. पण आईचा हात ताटात थांबला.

जेवण झाल्यावर त्यांनी चिमणीला फळीवर उभं केलं. ती झोके घेत खिदळत होती. ‘आजोबा, मी किती?’

बाबांनी आकडा सांगितलाच नाही. म्हणाले, ‘बरोबर.’

दादा, खोक्याचं मी लिहिलं होतं ते सोडून दे. तू ये. मी सांगून ते ऐकणार नाहीत आणि आई बोलणार नाही. चिमणी तर स्वतःच नाचते आहे. आपण उडणार हे वर्गात सगळ्यांना सांगून आली. ती तुझी मुलगी आहे. तुझ्या एका शब्दाने होईल.

तुझा धाकटा

१० फेब्रुवारी

दादा,

मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी धूळ झाडली नाही. बाबांना उभं करून दाखवली.

ते म्हणाले, ‘भुसा आहे.’

‘रंधा मारून कितीतरी दिवस झाले, बाबा.’

‘मग छपराची वाळवी असेल.’

‘छपराला पत्रा आहे.’

मग म्हणाले, ‘तुझी जागा गेली म्हणून तुला हे सगळं दिसायला लागलं का?’

अशा वेळी नेमकं काय बोलायचं असतं ते मला नेहमी दुसऱ्या दिवशी सुचतं.

मग मी दुसरं काहीतरी करून बघितलं. चिमणीला भरवायला लागलो. शाळेतून आली की दूध, झोपताना केळं, जेवताना माझ्या ताटातलं तिच्या ताटात. ती जड झाली तर आकडा चुकेल. आईच्या लक्षात आलं. तिने दुधात साखर वाढवली. पण काट्यावर चिमणी वाढेना. मग दिसलं, बाईसाहेब सगळं नेऊन अंगणातल्या मांजरीला घालत होत्या. मी रागावलो तर म्हणाली, ‘काका, आजोबांनी सांगितलंय, उडणाऱ्या माणसाने पोट बघून खायचं असतं.’ मांजर मात्र इतकी माजली की तिला आता भिंतीवर उडी मारता येत नाही.

शनिवारी सकाळी बाबा वारा बघायला टेकडीवर गेले. उड्डाणाला रविवार ठरला होता. आई बाजारात होती. मी पंख आकड्यावरून उतरवला. एकट्याने. इतका मोठा पंख मला एकट्याला उचलता आला, तिथेच मी थोडा वेळ थांबलो. मग दोन्ही टोकांखाली विटा रचल्या, कण्याच्या मध्यावर डबा टांगला आणि वाळू ओतायला लागलो. कांड्यांची परीक्षा घेतो तशीच. वेगळं काही केलं नाही.

मोडताना आवाज झाला नाही. भिजून वाळलेला पुठ्ठा मोडावा तसा तो मधून खाली बसला. आत लाकूड नव्हतंच, लाकडाचा नुसता आकार होता. सगळीकडे टाचणीएवढी भोकं आणि पीठ. काही किडे बाहेर पडून उजेडात गोंधळले होते.

मी डबा हातात घेऊन बघितला. वाळू किती होती सांगू? चिमणी रोज पाठीवर दप्तर नेते, तेवढी. जास्त नाही.

चिमणी दारात उभी होती. ती किंचाळली नाही. म्हणाली, ‘काका, तू मोडलंस.’ मी तिला भोकं दाखवायला गेलो, पण तिला भोकं दिसली नाहीत, मी दिसलो. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

बाबा आले. मला वाटलं होतं हात उचलतील. ते जमिनीवर बसले, एक तुकडा उचलला, चिमटीत दाबला, त्याचं पीठ झालं. दुसरा उचलला. मग डबा उचलून हातावर तोलला. फार वेळ तोलत होते. शेवटी म्हणाले, ‘हौद घासून ठेवला होतास ना तू.’

एवढंच. तुकडे पोत्यात भरले, खडूची रेघ ओल्या फडक्याने पुसली, चौकोन पुसला. आईने मशीनवर झाकण घातलं. पार्टिशन अजून लावलेलं नाही, पण लावू म्हणाले. शीळ बंद आहे. मी दोन्ही वेळा जेवतो.

दादा, संपलं असं वाटतं. तरी तू येणार असशील तर ये. चिमणीला तू हवा आहेस. मी तिचा वैरी झालो आहे.

तुझा धाकटा

४ मार्च

दादा,

तुझे खोके मिळाले.

तीन खोके, ट्रकवाल्याने दारात उतरवले. मी नेमका बाहेर होतो. बाबांनी सही केली. मी आलो तेव्हा झाकणं निघालेली होती, बाबा जमिनीवर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर एक लांब फळी होती. ते तिचा वास घेत होते. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आई दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

खोक्यात पत्र आहे का म्हणून मी दर दोन फळ्यांच्या मधे बघितलं. कागदाचे कपटे काढून झटकले. पत्र नव्हतं. वरचा पत्ता तुझ्या अक्षरात आहे. तू माझी पत्रं वाचलीस हे त्यावरून कळलं. कुठपर्यंत वाचलीस, ते कळलं नाही. पहिलंच पत्र मनाला लागलं असेल आणि बाकीची नंतर वाचू म्हणून ठेवली असशील, असं मी स्वतःला सांगतो. कारण सगळी वाचून तू लाकूड पाठवलंस, हे मला मानता येत नाही.

बाबा काय म्हणाले ते आता नीट वाच. ते म्हणाले, ‘पोरगा शेवटी माझाच. बोलला नाही, पण समजला. स्वतःच्या लेकीसाठी पाठवलं त्याने. आता बापाची परवानगी आली.’

मी म्हणालो, ‘परवानगी कुठे लिहिली आहे?’ त्यांनी फळी माझ्यापुढे धरली. म्हणाले, ‘ही काय.’

मी तुझ्या लाकडाच्या कांड्या कापल्या, तोलल्या, विटांवर ठेवल्या. दर फळीची एक. खोट शोधत होतो. गाठ, भेग, एखादं भोक, काहीही चाललं असतं. डबा काठोकाठ भरला. वाळू संपली, कांडी मोडली नाही. शेवटी बाबांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवून डबा काढून घेतला. ‘पुरे,’ म्हणाले. ‘चांगल्याला चांगलं म्हणायला शीक.’

आता माझ्याकडे सांगायला काही उरलं नाही. किडीचं बोलता येत होतं, कारण ती दिसत होती. टेकडीच्या कडेला वारा कसा वळतो, ट्यूब किती ताणली की बस झालं, घाबरल्यावर एवढीशी मुलगी सुकाणूची दांडी पुढे ढकलेल की मागे ओढेल, हे कुणाला ठाऊक नाही. ते काट्यावर चढत नाही, आणि काट्यावर जे चढत नाही ते आपल्या घरात धरत नाहीत. हे तुलाही माहीत आहे, तूही याच घरातला आहेस.

खडूची रेघ पुन्हा जमिनीवर आहे, चौकोन पूर्वीपेक्षा लहान काढला आहे. आईच्या मशीनवरचं झाकण निघालं. पंख पंधरवड्यात उभा राहील. बाबा शीळ घालतात.

एक ओळ लिही. ‘लाकूड दुकानासाठी आहे, मुलीसाठी नाही.’ बाबांच्या नावाने लिही, तुझ्या अक्षरात. माझी ओळ ते मानणार नाहीत, तुझी मानतील. किंवा लिहू नकोस, निघ. हातात काही आणू नकोस.

चिमणी आज माझ्याशी बोलली. पत्र कुणाला लिहितोस म्हणाली आणि खालची थोडी जागा मागितली. तिला देतो आहे. मी वाचणार नाही, ती हाताने झाकून लिहिते आहे.

तुझा धाकटा

बाबा,

लाकूड मिळालं. आजोबा म्हणाले तुम्ही माझ्यासाठी पाठवलं. सगळ्यात हलकी फळी माझ्या बसायच्या जागेला ठेवली आहे, तिच्यावर मी माझं नाव लिहिलं. काकाला सांगू नका, मी शाळेत डबा खात नाही. वारा असेल त्या रविवारी. तुम्ही टेकडीच्या खाली उभे राहा, म्हणजे मी वरून हात करीन आणि तुमच्याकडे येईन.

चिमणी